जबरी चोरीच्या शिक्षेविरुद्ध अपील कसे करावे

शिक्षा सुनावली गेली की घरची मंडळी आधी जामिनाची चौकशी करतात. परंतु त्याआधी निकालपत्राची प्रत हाती यायला हवी. कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला ही प्रत न्यायालयाने विनामूल्य द्यायची असते. ती मिळताच दोष कोणत्या कलमाखाली सिद्ध धरला आहे हे पाहावे, कारण अपिलाची दिशा त्यावरूनच ठरते.

साध्या जबरी चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०९(४) नुसार (जुन्या दंड संहितेचे कलम ३९२) १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, मात्र किमान शिक्षा ठरवून दिलेली नाही. म्हणून तेथे वय, पूर्वी गुन्हा नसणे, अवलंबून असलेले कुटुंब अशा बाबी मांडून शिक्षा कमी करण्याची विनंती करता येते. प्राणघातक शस्त्राच्या वापराबद्दल कलम ३११ (जुने ३९७) लागले असेल, तर किमान ७ वर्षे कायद्यानेच बांधलेली आहेत आणि ते कलम टिकले तर उच्च न्यायालयालाही त्याखाली उतरता येत नाही. अशा प्रकरणात दयेच्या मुद्द्यांवर पाने खर्च करण्यापेक्षा कलमालाच आव्हान द्यावे, असे माझे मत आहे. ज्याने स्वतः शस्त्र वापरले त्यालाच हे कलम लागते, त्याच्या साथीदारांना नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे शस्त्र कोणाच्या हातात होते याविषयी प्रत्येक साक्षीदार उलटतपासणीत काय बोलला, ते ओळ न् ओळ वाचावे. अर्थात, वार केला नाही एवढेच म्हणणे पुरेसे नाही, कारण धाक दाखवण्यासाठी शस्त्र उगारणे हाही वापरच ठरतो. ओळख परेडीपूर्वी आरोपी साक्षीदारांना दाखवला गेला होता का, आणि मुद्देमाल जप्तीच्या पंचनाम्याला पंचांनी दुजोरा दिला का, हेही तपासावे.

सत्र न्यायालयाने दिलेल्या किंवा ७ वर्षांहून अधिक शिक्षेविरुद्ध अपील उच्च न्यायालयात करावे लागते व त्याची मुदत ६० दिवस असते. दंडाधिकाऱ्याच्या निकालाविरुद्ध एरवी सत्र न्यायालयात ३० दिवसांत जावे लागते. नक्कल मिळण्यास लागलेला काळ या मुदतीतून वगळला जातो. त्यानंतरही उशीर झाल्यास अपिलासोबत विलंबमाफीचा अर्ज सबळ कारणांसह जोडावा.

अपील दाखल केल्याने सुटका होत नाही. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ४३० खाली शिक्षा स्थगितीचा व जामिनाचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असून आरोपी जामिनावर असेल, तर अपील करता यावे म्हणून शिक्षा देणारे न्यायालयच सहसा तात्पुरती स्थगिती देते.

वकील परवडत नसल्यास तुरुंगाधिकाऱ्यामार्फत कारागृहातूनच अपील पाठवता येते, आणि कोठडीतील व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे. गुन्हा कबूल करून शिक्षा झाली असेल, तर अपील केवळ शिक्षेचे प्रमाण व तिची वैधता यांपुरतेच ऐकले जाते.