संत्र्यातला रस पिणारा पतंग : नेमका कोणता, ते कसे ठरवावे

अंबिया बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याचा, संत्रा हिरव्याचा पिवळा व्हायला लागला की नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, कळमेश्वर, नरखेडकडच्या बगीच्यांत फळगळ सुरू होते. गळालेले प्रत्येक फळ पतंगानेच पाडलेले नसते. फळ हातात घेऊन सालीवर टाचणीच्या टोकाएवढे गोल छिद्र शोधा आणि त्याच्या बाजूला अंगठ्याने दाबा. रसाची बारीक चिळकांडी उडाली तर तिथे सोंड खुपसलेली आहे. मग फळ कापून बघा. आत अळ्या वळवळत असतील तर फळमाशी आहे. पतंग फळात अंडी घालत नाही, तो फक्त रस पितो. पुढची नासाडी त्या छिद्रातून शिरलेल्या बुरशी आणि जिवाणूंमुळे होते.

पतंग अंधार पडल्यावर येतो. दिव्याच्या सापळ्यावर विसंबू नका, हे पतंग दिव्याकडे फारसे ओढले जात नाहीत. पिकू लागलेल्या फळांवरून टॉर्च फिरवा, त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. सोंड फळात असताना पतंग पटकन उडत नाही, तेवढ्यात रुंद तोंडाची बरणी त्याच्यावर धरा. हाताने पकडू नका. पंखांची भुकटी म्हणजेच त्याचे खवले, आणि रंग-नक्षी सगळी त्या खवल्यांतच असते.

बरणी २४ तास फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर तासाभरात अंग सैल होते, त्याच वेळी टाचायचे. छातीच्या बरोबर मधोमध ३ नंबरची कीटक-टाचणी उभी सरळ घाला. अंग बसेल एवढी खाच पाडलेल्या थर्माकोलवर पतंग ठेवून पंख पसरा, पुढच्या पंखाची मागची कडा अंगाशी काटकोनात आली पाहिजे. पंखांवर बटर पेपरच्या पट्ट्या ताणून त्यांच्या कडेने टाचण्या मारा, पंखातून नको. उन्हाळ्यात आठवडाभरात नमुना वाळतो, पावसाळ्यात दोन आठवडेही लागतात. घाईने काढलात तर पंख खाली लोंबतात. वाळताना मुंग्या सांभाळा, एका रात्रीत पोट पोखरतात.

आता ओळख. पुढचे पंख मिटलेले असताना हा पतंग हुबेहूब वाळके पान दिसतो आणि सगळी फसगत इथेच होते. पुढच्या पंखाचा तपकिरी रंग नमुन्यागणिक बदलतो, त्यावरून नाव ठरवू नका. मागचा पंख बघा. तो नारिंगी-पिवळा असतो आणि त्याच्या कडेला काळा पट्टा असतो. मधला काळा डाग सुटा आणि गोल असेल तर युडोसिमा मॅटर्ना. डाग मोठा, वाकलेला, मूत्रपिंडाच्या किंवा स्वल्पविरामाच्या आकाराचा असेल तर युडोसिमा फॅलोनिया. फॅलोनियाच्या मादीच्या पुढच्या पंखावर बहुधा मधोमध फिकट पांढरा त्रिकोणी ठिपकाही दिसतो. मागचा पंख काळा, त्यावर पांढरा पट्टा आणि कडेला तीन पांढरे ठिपके असतील तर तो एरंडीवरच्या उंटअळीचा पतंग, अकिया जनाटा. तोही फळांवर येतो, पण त्याची प्रजाती (जीनस) वेगळी.

वर्गीकरण असे लिहा : संघ संधिपाद, वर्ग कीटक, गण लेपिडॉप्टेरा, अधिकुल नॉक्टुऑइडिया, कुल इरेबिडी, उपकुल कॅल्पिनी, प्रजाती युडोसिमा. जुन्या पुस्तकांत कुल नॉक्टुइडी दिलेले असते. ती छपाईची चूक नव्हे, डीएनएच्या अभ्यासानंतर ही मांडणी बदलली. फॅलोनियासाठी जुन्या लिखाणात ओथ्रीस फुलोनिया हे नाव सर्रास भेटते. फुलोनिया हे क्लर्क नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १७६४ मध्ये दिलेले नाव, तर फॅलोनिया निसर्गशास्त्रज्ञ लिनियसचे, १७६३ मधले. एका वर्षाने आधीचे म्हणून तेच ग्राह्य. नाव ‘युडोसिमा फॅलोनिया (लिनियस, १७६३)’ असे लिहा आणि कंस गाळू नका. मूळ लेखकाने ही जाती दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती, एवढी माहिती तो कंस देतो. मॅटर्नापुढेही तसेच, (लिनियस, १७६७).

वर्णन डोक्यापासून मागे लिहीत जा. सोंड जाड आणि राठ, टोकाला भिंगाखाली दिसणारे काटे आणि आकडे. संत्र्याची साल याच आकड्यांनी फाटते, साध्या पतंगाच्या मऊ सोंडेला ते जमत नाही. ओठांचे स्पर्शक वर वळलेले, शेवटच्या पेराचे टोक रुंद. शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) दोऱ्यासारख्या. पंखविस्तार मोजताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टी लावू नका, कारण पंख कमीजास्त पसरले की आकडा बदलतो. छातीच्या मध्यापासून पुढच्या पंखाच्या टोकापर्यंत मोजून दुप्पट करा. फॅलोनियात तो साधारण ८० ते १०० मिलिमीटर भरतो. शिरा बघायच्या असतील तर पंखाच्या खालच्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब सोडा. खवले क्षणभर पारदर्शक होतात, स्पिरिट उडाले की पंख पूर्ववत.

नर-मादीसाठी मागच्या पंखाच्या बुडाशी, खालून बघा. पुढच्या पंखात अडकणारा एकच जाड केस असेल तर नर, बारीक केसांचा झुपका असेल तर मादी. रंगापेक्षा ही खूण कितीतरी भरवशाची.

टाचणीला लावायच्या चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, पकडल्याची वेळ आणि कुठल्या फळावर मिळाला ते पेन्सिलीने लिहा. शाई ओलीने पसरते. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी अभ्यासाच्या उपयोगाचा नाही.

अळी संत्र्याच्या झाडावर शोधत बसू नका, तिथे ती नसतेच. धुऱ्यावरच्या बोरी-कडुनिंबांवर चढलेली गुळवेल आणि कुंपणावरची वासनवेल पालथी घाला. अळी मखमली असते, पोटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या खंडावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे ठिपके आणि शेपटीकडे उंचवटा. डिवचली की पुढचा भाग खाली वाकवून बसते. पण अळीवरून जातीचे नाव पक्के करू नका. त्याच वेलीची ताजी पाने रोज घालत जाळीच्या झाकणाच्या डब्यात ती वाढवा. पाने रेशमाने चिकटवून ती आत कोष करते. साधारण दोन आठवड्यांनी पतंग बाहेर आला की मागचा पंख उघडून डाग बघा.