सिम्युलेटरमध्ये डीएलएसएस लावू की टीएए?

डीएलएसएस म्हणजे एनव्हिडियाचं अपस्केलिंग, गेम कमी रिझोल्यूशनवर रेंडर करून (चित्र बनवून) मोठं करणारं; टीएए म्हणजे फक्त कडा गुळगुळीत करायची नेहमीची पद्धत. आधी एक काम करा, डेव्हलपर मोड चालू करून एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) काउंटर बघा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तिथे सरळ लिहून येतं की अडतंय कुठे. 'मेनथ्रेड' दिसलं तर अपस्केलिंग लावून काही हाती लागणार नाही, कारण दमलाय सीपीयू (मुख्य प्रोसेसर) आणि तुम्ही ओझं कमी करताय जीपीयूचं (ग्राफिक्स कार्डाचं), उगाच चित्र मात्र धूसर होणार.

जीपीयू अडत असेल तर डीएलएसएसचा क्वालिटी मोड लावा. फोरके स्क्रीनवर गेम आतून २५६० बाय १४४० मध्ये रेंडर होतो, परफॉर्मन्सवर १९२० बाय १०८०, बाकीचं अंदाजाने भरलं जातं. डोंगर-ढग मस्त दिसतात हो, पण ग्लास कॉकपिटमध्ये (काट्यांऐवजी डिजिटल पडदे असलेल्या) उंचीचे आकडे भराभर फिरायला लागले की मागे शेपूट सुटतं, ८ आहे का ६ तेच कळत नाही आणि लँडिंगच्या वेळी तर जाम चिडचिड होते.

म्हणून एअरलाइनर उडवताना मी टीएए आणि रेंडर स्केल १००च (म्हणजे स्क्रीनचं पूर्ण रिझोल्यूशन) ठेवतो, एफपीएस थोडे गेले तरी चालतील. जुन्या गोल काट्यांच्या विमानात डीएलएसएस बिनधास्त. कार्डात दम असेल तर डीएलएए बघा, त्यात रिझोल्यूशन पूर्ण राहतं, कडाही गुळगुळीत, पण एफपीएस वाढायची आशा नको.