टेल पिनियनचा नट: डिफरेन्शियलच्या कामात नव्याने पडणाऱ्यांसाठी

एका पिकअपचं डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा संच, मी माझ्या हातांनी खराब केलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. गाडी देवगडच्या एका आंबेवाल्या काकांची होती आणि महिना एप्रिलचा होता. कोकणात एप्रिलमध्ये पेट्या वाहणारी गाडी उभी राहणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. काका ओरडले नाहीत. गॅरेजच्या दारात जांभ्याच्या कट्ट्यावर बसून राहिले. ते बसणं मला अजून आठवतं, म्हणून हे लिहितोय.

क्राऊन काय, टेल पिनियन काय, स्पायडर गिअर कुठे असतात, हे तुम्हाला आयटीआयत शिकवलेलं असणार. एका ओळीत आठवण करून देतो: जॉइंट शाफ्ट टेल पिनियन हा लहान गिअर फिरवतो, तो क्राऊन हा मोठा गिअर फिरवतो, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतात ते स्पायडर गिअर, आणि हे सगळं ज्या लोखंडी कवचात असतं ते हौसिंग. थेट आवाजाकडे येतो.

गाडी मागून रडते अशी तक्रार आली की पहिला पाना हौसिंगला लावू नका. आधी गाडी चालवून बघा. मालकाला स्टेअरिंग द्या आणि तुम्ही मागे बसा. सपाट, गुळगुळीत डांबरी रस्ता निवडा आणि काचा वर घ्या. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आवाज येतो की पाय सोडल्यावर, की एका वेगावर धरून ठेवल्यावर, हे वेगवेगळं ऐका. दाबल्या-सोडल्यावर सूर बदलत असेल तर नजर क्राऊन-पिनियनवर आणि पिनियनच्या बेअरिंगवर ठेवा. पाय कसाही ठेवला तरी तीच घरघर आणि वळणावर ती कमी-जास्त होत असेल, तर चाकाचं बेअरिंग आधी तपासा. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाज बदलला तर तो टायरचा. सरळ जाताना गाडी गप्प आणि फक्त वळताना आतून कुरकुर असेल तर स्पायडर गिअर. गिअर टाकून क्लच सोडताना एकच ठणका बसत असेल तर जॉइंट शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, हलवून बघा. चांगल्या डिफरेन्शियलला हात घालून ते बिघडवण्यापेक्षा अर्धा लिटर डिझेल जाळून चक्कर मारलेली केव्हाही परवडते.

मग तेल काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असणं साधारण आहे. त्यात टोचणारे कण किंवा पत्रीसारखे तुकडे दिसले तर हौसिंग उघडायचंच. आपल्याकडे तिसरी शक्यता असते, ती म्हणजे पाणी. धावून तापलेलं हौसिंग ओढ्याच्या पाण्यात उतरलं की आतली हवा एकदम आकसते. वरचा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायची वाट, तांबड्या मातीने बुजलेला असेल तर ती ओढ ऑइल सीलवर, म्हणजे तेल अडवणाऱ्या कडीवर, येते आणि सीलमधून पाणी आत शिरतं. मग तेल दुधाळ चहाच्या रंगाचं होतं, गाडी उभी राहिली की बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके पडतात आणि दोन-चार महिन्यांनी आवाज सुरू होतो. तोवर पावसाळा संपलेला असतो आणि मालकाला ते पाणी आठवतही नाही. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूण बुडालं. त्यानंतर आमच्याकडे आलेल्या पुरातल्या गाड्यांचं इंजिन ऑइल बहुतेकांनी बदललेलं होतं. मागचं हौसिंग कोणी उघडलं नव्हतं. ब्रीदर काढून फुंकर मारून बघायला दोन मिनिटं लागतात, तेवढं दर सर्व्हिसिंगला करत जा.

आता मी जिथे पडलो तिथे येतो. इथे सावकाश वाचा.

काकांच्या पिकअपचं डिफरेन्शियल रडत नव्हतं. फक्त टेल पिनियनचं ऑइल सील गळत होतं. फ्लँजच्या, म्हणजे जॉइंट शाफ्ट जोडायच्या चकतीच्या, वर गाडीच्या तळाला तेलाची रेघ उडालेली होती. काम सोपं वाटलं. जॉइंट शाफ्ट सोडला, नट गनने, म्हणजे मशीनच्या पान्याने, काढला, फ्लँज ओढला, नवीन सील ठोकलं, फ्लँज बसवला आणि तोच नट गनने घट्ट केला. गन थांबेपर्यंत. गळती थांबली, पैसे घेतले. तिसऱ्या दिवशी काका फोंडा घाट चढून कोल्हापूरला गेले आणि परतले ते मागून शिट्टी घेऊन.

चूक काय झाली ते बघा. टेल पिनियन दोन टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरच्या, बेअरिंगवर फिरतो. त्या दोन बेअरिंगच्या मध्ये पातळ पत्र्याचा, मधोमध फुगीर असा स्पेसर असतो. नट पिळला की तो स्पेसर चुरतो, बेअरिंग एकमेकांकडे सरकतात आणि रोलरवर थोडा दाब बसतो. त्यालाच प्रीलोड म्हणतात. हा दाब हवाच, कारण गाडी ओढताना क्राऊन पिनियनला बाहेर ढकलतो आणि पाय सोडला की आत ओढतो. दाब नसेल तर पिनियन मागेपुढे होणार आणि दातांचा मेळ सुटणार. पण दाब जास्त झाला तर बेअरिंग तापून खलास होतं. गनने मी स्पेसर हवा त्यापेक्षा जास्त चुरला होता.

आणि खरा घात त्याच्या पुढे आहे. आवाज ऐकून मला वाटलं, नट जास्त पिळला गेला, तर अर्धा आटा सैल करू. केला. हाताने फ्लँज छान मोकळा फिरायला लागला आणि मला हायसं वाटलं. पण चुरलेला स्पेसर परत फुगत नाही. तो स्प्रिंग नाही, चेपलेल्या डब्यासारखा आहे. नट मागे घेतला की दाब कमी होऊन नेमका होत नाही. बेअरिंग नुसतं मोकळं पडतं आणि नटही ढिला राहतो. पिनियन आत-बाहेर नाचायला लागला. पेट्या भरून घाटात आणखी दोन फेऱ्या झाल्या आणि क्राऊनचे दात खाल्ले गेले.

आमचे वस्ताद मालवणचे. त्यांनी हौसिंग उघडलेलं बघितलं आणि एवढंच विचारलं, "नट कितको पिळलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या कामातली खरी चूक तीच होती. मी काहीच मोजलं नव्हतं.

म्हणून सील बदलण्याआधी मोजा. मागची दोन्ही चाकं वर घ्या, ब्रेक घासत असतील तर ड्रम काढा, जॉइंट शाफ्ट सोडा. फ्लँजला मजबूत दोरी दोन वेढे गुंडाळा आणि तिच्या टोकाला शाळेच्या प्रयोगशाळेत असायचा तसा ताणकाटा लावा. हळू, एकसारखं ओढा. फ्लँज फिरत असताना काट्यावर जो आकडा स्थिर राहतो तो लिहून ठेवा. पहिला झटका धरू नका. मग नटावर, पिनियनच्या टोकावर आणि फ्लँजवर सेंटर पंचने खूण करा. नटाबाहेर किती आटे दिसतात तेही मोजा. सील बदलून झालं की नवीन नट लांब दांड्याने हाताने आवळा, आधी मोजलेले तेवढेच आटे दिसतील तिथपर्यंत आणा आणि पुन्हा काटा लावा. आकडा आधीचाच यायला हवा, किंवा मॅन्युअल सांगतं तेवढा किंचित जास्त. त्या जागेजवळ आलात की एकदा बारीक पिळायचं, एकदा मोजायचं, पुन्हा बारीक पिळायचं. बेअरिंगमधला ढिलेपणा संपेपर्यंत काटा काही सांगत नाही आणि त्यानंतर थोडक्यात एकदम चढतो.

इथे दोन वेगळे आकडे आहेत आणि नवी मुलं ते एकच समजतात. मीही समजलो होतो. नट पिळायला लागणारा जोर अडीचशे-तीनशे न्यूटन-मीटरच्याही पुढे जातो, कारण स्पेसर चुरायलाच तेवढा लागतो. पिनियन फिरवायला लागणारा जोर मात्र नवीन बेअरिंगला बऱ्याच गाड्यांत दोन न्यूटन-मीटरच्या आसपास असतो आणि वापरलेल्या बेअरिंगला साधारण त्याच्या निम्मा. दहा सेंटिमीटर व्यासाच्या फ्लँजवर दोरी गुंडाळली तर दोन न्यूटन-मीटर म्हणजे काट्यावर चार किलो. हा हिशेब नुसत्या पिनियनचा आहे, आत क्राऊन नसताना. क्राऊन, एक्सल, चाकं जोडलेली असतील तर आकडा वाढणारच, म्हणून सीलच्या कामात आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच स्थितीत घ्यायचा. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. आणि पुढे गेलात तर मागे येऊ नका. क्राऊन काढा, पिनियन बाहेर घ्या, नवीन स्पेसर टाका. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या.

जुन्या जीपच्या मागच्या हौसिंगात असा स्पेसर नसतो, तिथे प्रीलोड शिमांनी, म्हणजे पातळ चकत्यांनी, ठरतो. तिथे नट पूर्ण आवळायचा आणि फरक शिम बदलून काढायचा. उघडण्याआधी आपल्या हातात कोणतं हौसिंग आहे, हे माहीत करून घ्या.

बाकीचं थोडक्यात. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलतात. ते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर जोडीचा नंबर असतो. भंगारातून एकच आणून बसवू नका. बेअरिंग कॅप काढण्याआधी डावी-उजवी खूण करा. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेज या बारीक हालचाल मोजणाऱ्या हत्याराने क्राऊनच्या तीन-चार जागी मोजा. पुष्कळ गाड्यांत तो ०.१० ते ०.२० मिलिमीटरमध्ये असतो. दातांचा ठसा घ्यायला शेंदूर तेलात कालवून दातांना लावायची जुनी रीत उत्तम आहे. ठसा दाताच्या मधोमध यायला हवा. तो मुळाशी पडला तर पिनियन जास्त आत आहे, टोकाशी पडला तर बाहेर. ठशाचे व्हिडिओ जरूर बघा, ते खरंच समजावतात, पण त्यातले आकडे त्यांच्या गाड्यांचे असतात.

तेलात काटकसर नको. हायपॉइड गिअरमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसटतातही. त्या घसटीला जीएल-५ दर्जाचंच तेल टिकतं. आवाज दाबायला कोणी घट्ट ग्रीस भरतं, विकायच्या गाडीत लाकडाचा भुसा टाकणारेही मी पाहिलेत. असं काम करायला सांगणाऱ्या गॅरेजात राहू नका. तिथे तुम्ही काम शिकणार नाही, फसवायला शिकाल.

वस्तादांबद्दलही बोलतो, कारण यावरून माझे खूप वाद झालेत. "हाताक कळता" असं आमचे वस्ताद म्हणायचे आणि त्यांच्या हाताला खरंच कळायचं. फ्लँज एकदा फिरवून ते सांगायचे आणि मी नंतर काटा लावला की तोच आकडा निघायचा. पण त्या हातामागे तीस वर्षं होती. पहिल्या वर्षाच्या मुलाला तेच वाक्य सांगणं मला मान्य नाही, तेव्हाही नव्हतं. मोजू देणारा, "कितको?" असं विचारणारा वस्ताद शोधा. पगार थोडा कमी देत असला तरी त्याच्याकडे थांबा.

हे वाचून घाबरू नका. डिफरेन्शियल हे गाडीतल्या शांत कामांपैकी एक आहे. वायरिंगसारखं ते लपंडाव खेळत नाही. आत मोजता न येणारं फार थोडं आहे. माझं दुसरं डिफरेन्शियल पहिल्या फटक्यात गप्प झालं, आणि तेव्हा माझ्याकडे फक्त उसना डायल गेज आणि एक ताणकाटा होता. तेवढी दोन हत्यारं पहिल्या पगारातून घ्या. गन नंतर घ्या, आणि घेतल्यावरही तिने पिनियनचा नट फक्त सोडा. सरावासाठी भंगारातून एखादं मेलेलं हौसिंग आणा आणि चार-पाच स्पेसर मुद्दाम वाया घालवा. स्पेसर चुरायला लागतो तो क्षण दांड्यात हाताला जाणवतो. तो दुसऱ्याच्या गाडीवर शिकायचा नाही.

शेवटचं काम मालकाशी बोलायचं आहे, आणि ते हौसिंग उघडण्याआधीच करा. नवीन क्राऊन-पिनियन बसवल्यावर पहिले वीस-पंचवीस किलोमीटर रिकामी आणि सावकाश चालवून गाडी थंड होऊ द्यायची. पुढे आठशे किलोमीटरपर्यंत जड माल घेऊन घाट चढायचा नाही आणि मग तेल बदलायचं. आंब्याच्या दिवसांत हे कोणालाच पटत नाही. काकांना मी हे दुसऱ्यांदा गाडी देताना सांगितलं. नवीन जोडीचे पैसे माझ्या पगारातून तीन महिने कापून गेले होते. त्यांनी आठवडाभर पुतण्याच्या गाडीने पेट्या पाठवल्या, स्वतः रिकामी पिकअप घेऊन देवगड-कणकवली फेऱ्या मारल्या आणि आठशे किलोमीटर झाल्यावर तेल बदलायला माझ्याकडेच आले.