युरोलीगचा अंतिम सामना कसा पाहावा

एनबीए या अमेरिकेतील बास्केटबॉल लीगची अंतिम फेरी सात सामन्यांपर्यंत लांबू शकते, त्यामुळे एका रात्रीची चूक पुढच्या सामन्यात भरून काढायला तिथे वाव असतो. युरोपातील क्लबांच्या बास्केटबॉल स्पर्धेत, म्हणजे युरोलीगमध्ये, तसे नाही. चार संघांनी एकाच शहरात जमायचे आणि तिथेच विजेता ठरवायचा, ही 'फायनल फोर' पद्धत आजच्या रूपात १९८८ साली बेल्जियममधील गेंट येथे सुरू झाली. सध्या शुक्रवारी उपांत्य सामने आणि रविवारी अंतिम सामना होतो, म्हणून जमल्यास शुक्रवारचे सामनेही पाहावेत. कोणता मुख्य खेळाडू जवळजवळ पूर्ण वेळ मैदानात राबला आणि कोणाला लवकर विश्रांती मिळाली, हे तिथे कळते आणि रविवारी तेच अंगाशी येते किंवा उपयोगी पडते.

सामना मे महिन्यात असल्याने युरोपातील घड्याळे उन्हाळी वेळेवर असतात. सामना माद्रिद किंवा बर्लिनमध्ये असेल तर तिथल्या वेळेत साडेतीन तास आणि अथेन्स किंवा लिथुआनियातील काउनासमध्ये असेल तर अडीच तास मिळवले की आपली वेळ मिळते.

नवा प्रेक्षक चेंडूच्या मागे धावतो आणि दमतो. त्यापेक्षा नजर आधी रिंगखाली न्यावी. बचाव करणाऱ्याने रिंगखालच्या भागात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नये, हा एनबीएतील नियम इथे नाही. त्यामुळे रेयाल माद्रिदच्या एडी तवारेससारखा सव्वासात फुटी सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) तिथे ठाण मांडून बसू शकतो. शिवाय चेंडू एकदा रिंगला लागला की तो रिंगवर घोळत असतानाही कोणालाही उडवता येतो, जे एनबीए पाहणाऱ्याला सुरुवातीला सरळसरळ बेकायदा वाटते. अशा खेळाडूला मैदानाबाहेर काढायचा हमखास उपाय म्हणजे फाउल. पाचव्या फाउलला तो बाद होतो, म्हणून सामन्याच्या चार भागांपैकी पहिल्या क्वार्टरमध्येच त्याच्या नावावर दोन फाउल लागले तर प्रशिक्षक त्याला बहुधा बसवतो, आणि गुणफलक बरोबरीत दिसत असला तरी सामन्याचा रंग तिथेच बदललेला असतो. संघाच्या फाउलांचाही हिशेब ठेवावा: एका क्वार्टरमध्ये चार झाले की बचाव करताना केलेल्या पुढच्या प्रत्येक फाउलला दोन फ्री थ्रो (कोणी अडवत नसताना घेतलेले फेक) द्यावे लागतात.

क्वार्टर दहा मिनिटांचा आणि प्रत्येक हल्ल्याला २४ सेकंद. हा वेळ मोजणाऱ्या शॉट क्लॉकवर सात-आठ सेकंद उरले असताना चेंडू कोणाच्या हातात दिला जातो, हे दोन्ही संघांबाबत पाहून ठेवावे, कारण अखेरच्या मिनिटाला तोच खेळाडू पुन्हा पुढे येणार असतो.

सराव म्हणून २०१२ च्या इस्तंबूल येथील अंतिम सामन्याचे चित्रीकरण तिसऱ्या क्वार्टरपासून पाहावे. सीएसकेए मॉस्को १९ गुणांनी पुढे होता आणि ऑलिम्पियाकोस संपल्यासारखा दिसत होता. सावकाश, एकेक हल्ला करत ग्रीक संघ ६०-६१ पर्यंत आला. दहाएक सेकंद उरले असताना मॉस्कोच्या अनुभवी सिस्काउस्कासला दोन फ्री थ्रो मिळाले आणि दोन्ही हुकले. इथे चित्रीकरण थांबवून मैदानातील दहाही जणांच्या जागा पाहाव्यात. ऑलिम्पियाकोसचा स्पानुलिस चेंडू घेऊन आत घुसतो, बचाव त्याच्याकडे ओढला जातो, कारण शेवटचा फेक तोच घेणार असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. तो चेंडू सहकारी प्रिंटेझिसकडे सोडतो, आणि प्रिंटेझिस एका हाताने चेंडू उंच, अलगद उचलून टाकतो. घड्याळात ०.७ सेकंद, गुणफलक ६२-६१. विजयी बास्केट प्रिंटेझिसची असली तरी माझ्या मते सामना स्पानुलिसच्या त्या पासने जिंकला, आणि चेंडूवर खिळलेल्या नजरेला तो धड दिसतही नाही.

उलट, २०२३ साली काउनासमध्ये ऑलिम्पियाकोसवरच ही वेळ आली. रेयाल माद्रिदचा सर्जियो ल्युल त्या सामन्यात तोवर एकही बास्केट करू शकला नव्हता. तीन सेकंद उरले असताना त्याने उडी घेऊन मारलेला फेक आत गेला आणि रेयाल ७९-७८ असा पुढे गेला. उत्तरादाखल ऑलिम्पियाकोसच्या स्लुकासने घेतलेला अखेरचा फेक हुकला. म्हणून शेवटच्या टाइमआउटनंतर मैदानात येणारे पाच जण कोण आहेत ते आवर्जून पाहावे, आणि दिवसभर ज्याचे काही जमलेले नाही असा जुना खेळाडू त्यांत दिसला तर त्याच्यावरून नजर हलवू नये.