बगिच्यासाठी लोकांचं मत घेताय? या चुका टाळा

आमच्या ले-आउटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीतल्या, मोकळ्या भूखंडावर बगीचा होणार असं कळलं, तेव्हा लोकांची मतं गोळा करायचं काम आम्ही चौघांनी अंगावर घेतलं. पहिली सभा रविवारी सकाळी 11 वाजता समाजभवनात ठेवली. बावीस जण आले. बहुतेक सेवानिवृत्त काका, महिला तीन, मूल एकही नाही. दीड तासात जॉगिंग ट्रॅक, लॉन, कारंजं, ग्रीन जिम अशी यादी तयार झाली आणि आम्ही समाधानानं घरी गेलो. पुढे ती यादी निम्म्याहून जास्त बदलावी लागली. दक्षिण नागपुरात असे कितीतरी भूखंड अजून गवत आणि मलब्याखाली पडून आहेत. तिथल्या लोकांना आमच्याइतका फेरा पडू नये म्हणून हे लिहिते आहे.

जागा कोणाची, हे न पाहता सभा बोलावणे

नागपुरात हा पहिला प्रश्न. काही ले-आउटमधल्या मोकळ्या जागा नागपूर सुधार प्रन्यास या शहरविकासाच्या सरकारी संस्थेकडे आहेत, काही महानगरपालिकेकडे. मंजूर ले-आउटचा नकाशा मिळवा आणि त्या तुकड्यावर नेमकं काय लिहिलं आहे ते वाचा. विकास आराखड्यात तिथे शाळा किंवा बाजाराचं आरक्षण असेल, तर नुसत्या सह्या गोळा करून बगीचा होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधल्या कलम 37 खाली फेरबदल करावा लागतो, त्याची सूचना निघते, हरकती मागवल्या जातात. कागद मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. जागेवर जुनं झाड असेल तर त्याची जागा आणि बुंध्याचा घेर पहिल्याच नकाशावर लिहून घ्या. झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड कागदावर दिसलं की नकाशा काढणारा ट्रॅक त्याच्या बाजूनं वळवतो.

एकच सभा, एकच वेळ

रविवारी 11 वाजता ज्यांना येता येतं, तेच येतात. स्वयंपाक चालू असतो, कामवाल्या मावशी दुसऱ्या-तिसऱ्या घरी असतात, मुलं क्रिकेटला गेलेली असतात. पुढच्या आठवड्यात आम्ही लोकांना बोलावणं सोडलं आणि वही घेऊन भूखंडावरच जाऊन बसलो. तीन दिवस, चार वेळा. पहाटे साडेपाचला फिरणारे, दुपारी 1 वाजता, संध्याकाळी साडेपाचला मुलं आणि रात्री जेवणानंतर बाया.

दुपारची वेळ आम्ही जवळजवळ वगळणारच होतो. उन्हात कोण येणार, असं वाटलं. पण भूखंडाच्या कोपऱ्यात एक मोठा कडुनिंब आहे आणि त्याखाली झाडू मारणाऱ्या सहा जणी रोज डबा खातात. त्या या जागेचा उपयोग आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त वर्षं करत आल्या आहेत, आणि आमच्या बावीस जणांच्या यादीत त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. हात धुवायला नळ, आणि ओटा असा, की पाठीमागे झुडपं नसतील. "मांगून कोणी आलं तं दिसलं पाह्यजे ना ताई," असं त्यातली एक म्हणाली. तिचं हे एक वाक्य आमच्या दीड तासाच्या सभेपेक्षा जास्त कामाचं ठरलं.

"तुम्हाला काय पाहिजे?" असं विचारणे

असं विचारलं की लोक दुसऱ्या कुठल्या बगिच्यात पाहिलेलं सांगतात. कारंजं त्यातूनच आलं. त्याऐवजी विचारा: आता संध्याकाळी कुठे बसता? नातवाला कुठे नेता? इथून जाताना कुठे भीती वाटते? एका आजींनी सांगितलं, "मंदिरात जाताना मधात एकदा तरी बसावं लागते, पाय चालत नाही." म्हणजे त्यांना बगिच्याच्या आतला बाक नको होता, रस्त्याकडच्या कुंपणालगतचा हवा होता. हे त्यांनी मागितलं नसतंच, कारण बाक बगिच्याच्या बाहेरही असू शकतो हे त्यांच्याच काय, आमच्याही डोक्यात नव्हतं.

कागदावरच्या नकाशावर होकार घेणे

माझ्या मते ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. रंगीत नकाशा भिंतीवर लावला की सगळे माना डोलावतात. त्यातून ट्रॅक किती रुंद आहे, ऊन कुठून येतं, हे कोणालाच कळत नाही.

आम्ही एका शनिवारी संध्याकाळी फक्की आणली आणि मैदानावर कबड्डीच्या रेघा मारतात तसा अख्खा बगीचा जमिनीवर आखला. ट्रॅकच्या दोन कडा, खेळाची जागा, बाकांच्या जागी विटा. मग लोकांना त्यावरून चालायला सांगितलं. नकाशात ट्रॅक 1.2 मीटर होता. दोन जणी बोलत चालल्या की समोरून येणाऱ्याला रेघेबाहेर पाय टाकावा लागत होता. तो जागेवरच 1.8 मीटर करायचा ठरला. तीन विटांपाशी उभं राहिलं की संध्याकाळी साडेपाचचं ऊन थेट डोळ्यात येत होतं. मे महिन्यात जिथे पारा 45 अंशांवर जातो, त्या गावात पश्चिमेकडे तोंड केलेला उघडा बाक सूर्य बुडेपर्यंत रिकामाच राहणार. लोखंडी घसरगुंडीचंही तेच, ती कडुनिंबाच्या सावलीच्या बाजूला सरकवली.

आणि खेळाच्या जागेवर आठवीतला एक मुलगा थांबला. म्हणाला, "इथं पाणी साचते. पावसाळ्यात आम्ही पिच तिकडं नेतो." आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नीट भराव न करता पेव्हर ब्लॉक बसवले तर दोन पावसाळ्यांत ते वर-खाली होतात आणि झोपाळ्याचे खांब हलायला लागतात. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागनदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं, तेव्हापासून पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं हे या शहरात वेगळं सांगावं लागू नये. तरीही बगिच्याचा नकाशा काढताना ते कोणी विचारत नाही. त्या सखल कोपऱ्यात आता बांधकाम नाही. तिथे माती थोडी खोलगट ठेवून करंज आणि अर्जुन लावायचे, पाणी तिथेच मुरेल.

फाटकाचा वाद टाळणे

भूखंडाच्या मागच्या बाजूला वस्ती आहे. मूळ नकाशात फाटक एकच, ले-आउटच्या बाजूला. वस्तीतल्या मुलांना अर्धा किलोमीटर वळसा पडला असता. दुसरं फाटक म्हटल्याबरोबर "मग सांभाळणार कोण?" असा आवाज चढला. इथे बहुतेक ठिकाणी आयोजक विषय बदलतात. आम्हीही एकदा बदलला, आणि पुढच्या सभेला वस्तीतलं कोणीच आलं नाही.

शेवटी दोन्हीकडच्या लोकांना मागच्या कुंपणापाशीच बोलावलं. वस्तीतल्या दोन महिलांनी मागचं फाटक सकाळी उघडायची आणि रात्री लावायची जबाबदारी घेतली. सगळ्यांची नाराजी गेली असं नाही, दोन घरं अजून बोलत नाहीत. पण हा प्रश्न भिंत बांधून झाल्यावर निघाला असता तर भिंत फोडण्यावर गेला असता.

फाटकाचंच अजून एक. दुचाकी आत येऊ नये म्हणून नागमोडी नळ्यांचं अरुंद फाटक लावतात. त्यातून व्हीलचेअर जात नाही, बाळाची गाडीही नाही. किमान 90 सेंटिमीटर मोकळी वाट ठेवा. पायरी असेल तर उतार 1:12 चा हवा, म्हणजे 15 सेंटिमीटरच्या पायरीला 1.8 मीटर लांब रॅम्प. त्याला जागा नकाशातच सोडावी लागते.

पाण्याचा हिशेब न मांडता लॉन मागणे

सभेत लॉनवर सगळ्यांचं एकमत होतं. मग फळ्यावर गणित मांडलं. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज 5 लिटर पाणी धरलं, तरी 500 चौरस मीटरच्या लॉनला अडीच हजार लिटर रोज. बोअर मेमध्ये अर्धा तासही चालत नाही. लॉन 100 चौरस मीटरवर आलं, बाकी जागेत सावलीची झाडं. कारंजं लोकांनी आपणहून काढलं. गणित सांगितलं की लोक समजून घेतात, आधी "बजेट नाही" म्हटलं तर मात्र चिडतात.

सभा मोठ्या आवाजाच्या हाती जाणे

यावर साधा उपाय आहे. बोलण्याआधी प्रत्येकाला चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहायला सांगा आणि चिठ्ठ्या दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. लिहिता येत नाही त्यांची चिठ्ठी शेजारच्या मुलीनं लिहावी.

तोंडी होकारावर विसंबणे, आणि लोकांना परत न सांगणे

सूचना अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळण्याआधी द्या. वर्क ऑर्डर निघाल्यावर साहेब कितीही भला असला तरी बाकाची जागा हलवणंही अवघड होतं. आमचा पहिला अर्ज पोच न घेता दिला होता. तो संबंधित कार्यालयात सापडलाच नाही आणि दोन महिने गेले. आता प्रत्येक कागदावर आवक क्रमांक घेतो आणि फोटो काढून ठेवतो.

लोकांना उत्तर देणं तितकंच गरजेचं. आम्ही कडुनिंबाखाली एक फळा टांगला: कोणती सूचना घेतली, कोणती नाही, आणि का नाही. शौचालय घेता आलं नाही, कारण मलवाहिनी दूर आहे, हे त्यावर लिहिल्यावर दुसऱ्याच दिवशी एका प्लंबर भाऊनं मागच्या गल्लीतलं चेंबर दाखवलं. ती सूचना पुन्हा यादीत गेली.

1.8 मीटरचा ट्रॅक आणि मागचं फाटक आतापर्यंत फक्त तोंडी कबूल झालं आहे. सोमवारी अंदाजपत्रकाची प्रत मागायला जातो आहोत, कडुनिंबाखाली डबा खाणाऱ्या त्या सहा जणींपैकी दोघी सोबत येणार आहेत.