जलचक्राचा प्रोजेक्ट करताय? वाफेबद्दलच्या या चुका टाळा

पुतणीचा शाळेचा प्रोजेक्ट होता, जलचक्र. काचेच्या बरणीत गरम पाणी ओतलं, झाकण लावलं आणि अर्धा तास बघत बसलो, पाऊस काही पडेना. चूक साधी होती, खालच्या पाण्यानं झाकणपण तापलं होतं, मग वाफेचं पाणी होणार कशावर? झाकणाऐवजी स्टीलची ताटली ठेवा आणि तिच्यात भरपूर बर्फ. ताटलीचा बूड आधी कोरडा पुसा, नाहीतर पोरांना वाटतं की थेंब बर्फातूनच झिरपले. उकळतं पाणी एकदम ओतू नका, बरणी तडकते. आणि ढग दिसत नसेल तर ताटली उचलून अगरबत्तीचा थोडा धूर आत सोडा, लगेच पांढरं होतं, कारण वाफेला थेंब व्हायला काहीतरी बारीक कण लागतो, आभाळात ते काम धूळ, धूर आणि समुद्राचं मीठ करतं.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि ती आपल्या बोलण्यातच आहे. चहावर पांढरं दिसतं त्याला आपण वाफ म्हणतो, पण खरी वाफ, म्हणजे पुस्तकातलं बाष्प, दिसतच नाही, ते पांढरं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. कुकरची शिट्टी होताना लांबून नीट बघा, अगदी तोंडाशी थोडी जागा रिकामी दिसते आणि मग पांढरा फवारा सुरू होतो, ती रिकामी जागा म्हणजे वाफ. तिथे हात अजिबात नेऊ नका, कारण एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना साधारण ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते आणि ती सगळी कातडीवर येते. हीच उष्णता वर आभाळात सुटते आणि ढगांना आणखी उंच ढकलते. म्हणून चित्रात ढगावर "वाफ" असं लिहू नका, ढग म्हणजे थेंब किंवा बर्फाचे कण.

चित्रात वाफेचे वर जाणारे बाण फक्त समुद्रातून काढतात पोरं. नाशिकचं गंगापूर धरण, ओली माती, द्राक्षबागेची पानं, सगळीकडून पाणी हवेत जातं, आणि त्यासाठी उकळावं लागत नाही, डिसेंबरच्या थंडीतपण कपडे वाळतातच ना.

बागाईतदारांसाठी एक सांगतो, मोबाईलवरच्या आर्द्रतेच्या टक्क्याला फसू नका, हवेत जेवढी वाफ मावते त्यातली किती आहे एवढंच तो सांगतो. ३० अंशाला एका घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, १० अंशाला फक्त ९ च्या आसपास. म्हणजे निफाडला पहाटे १० अंश आणि ९५ टक्के, दुपारी ३० अंश आणि ३० टक्के असेल, तर वाफ दोन्ही वेळेला जवळपास तेवढीच आहे, कुठे गेलेली नाही, हवा तापली म्हणून टक्का उतरला एवढंच. त्यापेक्षा दवबिंदू बघा, म्हणजे हवा किती अंशाला गार झाली की वाफेचं पाणी व्हायला लागतं तो आकडा, आणि पान किती तास ओलं राहतं ते बघा, द्राक्षावरच्या डाऊनी रोगाला ओलं पान लागतं, भुरी रोग मात्र कोरड्या पानावरपण येतो. आणि दव पडलं असं आपण म्हणतो खरं, पण ते वरून पडत नाही, निरभ्र रात्री पान हवेपेक्षा गार होतं आणि जवळच्याच हवेतली वाफ त्याच्यावर बसते.

शेवटची चूक डोंगराची. इगतपुरी, त्र्यंबकला धो धो पाऊस आणि सिन्नर, येवला कोरडं, म्हणून पोरं लिहितात की सिन्नरच्या हवेत वाफच नसते. असते! अरबी समुद्रावरची हवा सह्याद्री चढताना गार होते, तिथे बरंचसं पाणी सोडते, पण उरलेली वाफ पुढे येतेच, फक्त पलीकडे उतरताना हवा परत तापते आणि थेंब फारसे बनत नाहीत. मॉडेलमध्ये डोंगराच्या माथ्यापाशी इगतपुरी लिहा, पलीकडे खाली सिन्नर, आणि सिन्नरवरचा वाऱ्याचा बाण खाली उतरता काढा. पुतणीचा आम्ही आधी सरळ आडवा काढला होता, मग खोडून परत काढला.