बरं वाटलं म्हणून स्टिरॉइड बंद? अधिवृक्क ग्रंथींच्या बाबतीत या चुका टाळा

'बरं वाटत होतं, म्हणून गोळी बंद केली.' हे ऐकलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क, म्हणजे अॅड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसोल हे ताण आणि आजारपण सोसायला लागणारं संप्रेरक बनवतात. प्रेडनिसोलोन, म्हणजे कॉर्टिसोलचंच काम करणारी स्टिरॉइडची गोळी, तीन-चार आठवड्यांहून जास्त चालली की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून त्यांना येणारा हुकूम थांबतो आणि त्या सुस्तावतात. अशात गोळी एकदम तोडली, तर बाहेरचं कॉर्टिसोल नाही आणि घरचंही नाही.

सांधेदुखीसाठी सहा महिने ही गोळी घेणाऱ्या एका बाईंनी चेहरा सुजतो म्हणून ती एका दिवसात सोडली. दहाव्या दिवशी ताप आणि उलट्या. आणल्या तेव्हा वरचं बीपी ७०. सलाईनच्या बाटल्या संपत होत्या, बीपी हलत नव्हतं, आम्ही जंतुसंसर्ग शोधत बसलो होतो. तेवढ्यात नवऱ्याने खिशातून अर्धवट वापरलेली स्ट्रिप काढली. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसोल, १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. काही तासांत बीपी सावरलं आणि बाईंनी पाणी मागितलं. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न एकच असतो: गोळ्यांची पिशवी कुठंय?

डोस उतरवताना मी ५ मिलिग्रॅमच्या खाली फार सावकाश जाते. ग्रंथी पुरती जागी व्हायला कधीकधी वर्ष लागतं. 'लवकर संपवा ना' म्हणणाऱ्यांपुढे मी नमत नाही.

अॅडिसनचा आजार, म्हणजे अधिवृक्क ग्रंथीच निकामी झालेल्यांनी तापातही नेहमीचाच डोस घेणं ही दुसरी घोडचूक. निरोगी माणसाच्या ग्रंथी आजारपणात आपोआप कॉर्टिसोल वाढवतात. तुमच्या वाढवू शकत नाहीत. म्हणून तापात हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट करायचं. गोळी उलटून पडत असेल तर इंजेक्शन घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. इंजेक्शन घरात असावं आणि ते टोचायला घरातल्या कुणालातरी यायला हवं. नुसतं फ्रिजवर चिठ्ठी लावून भागत नाही.

कॉर्टिसोलची तपासणी दुपारी सवडीने करू नका; कमतरता शोधायची तर सकाळी आठच्या सुमारास रक्त द्या. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्यांनी आकडा फुगतो.

तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडल्या तर उन्हाला दोष देऊ नका; ती अॅडिसनची खूण असू शकते.

'अॅड्रिनल फटीग', म्हणजे ताणाने ग्रंथी थकल्या, अशा नावाचा आजार वैद्यकशास्त्र मानत नाही. त्यावरच्या काही कॅप्सूलमध्ये न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं सापडलंय, म्हणजे ग्रंथी पुन्हा झोपणार.